सीएसएस कार्यगटास खुले पत्र: ठिगळाला नाव लावू द्या

प्रति,
सीएसएस कार्यगट,
वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम

सप्रेम नमस्कार,

मी सांगलीत राहतो आणि वीसेक वर्षं लोकांना वेबसाइट बनवून देतो. पतसंस्था, शाळा, दवाखाने, दोन दिवाळी अंक, द्राक्षबागायतदारांचा एक गट अशी माझी गिऱ्हाइकं. तुमच्या बैठकीत मी कधी बसलो नाही, बसेन असंही वाटत नाही. पण सीएसएस, म्हणजे वेबपान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेबद्दल, तिथं जे ठरतं त्यावर माझा धंदा चालतो, आणि जे ठरत नाही त्यापायी माझे रविवार जातात. पत्र मराठीत लिहितोय, कारण माझ्यासारखंच काम करणाऱ्या इथल्या पोरापोरींनीही ते वाचावं असं वाटतं. तुमच्यापर्यंत ते पोहोचवायला भाषांतराची यंत्रं आहेतच.

विषय जुना आहे. 'हा नियम अमुक ब्राउझरच्या अमुक आवृत्तीपर्यंतच लावा' असं स्टाइलशीटमध्येच, म्हणजे त्या भाषेतल्या फाइलमध्येच, लिहिता यावं, ही मागणी तुमच्याकडे कितीतरी वेळा आली आणि दरवेळी एकच उत्तर घेऊन परत गेली: ब्राउझर कोणता ते विचारू नका, त्याला काय येतं ते विचारा. उत्तर शहाणपणाचं आहे. हाताखालच्या मुलांना मीही तेच शिकवतो. तरी आता गप्प बसवत नाही, त्याला कारण २०२२ च्या जूनमधला एक प्रसंग.

त्या महिन्यात, १५ तारखेला, इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. सुटलो एकदाचे, आता आवृत्त्यांची कटकट संपली! त्याच आठवड्यात मी एका शिक्षणसंस्थेसाठी वसतिगृह प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म करून दिला होता. खाली दोन बटणं होती, 'अर्ज पाठवा' आणि 'सगळं पुसा'. दोघांमध्ये बोटभर जागा. ती जागा मी फ्लेक्सबॉक्समध्ये (गोष्टी एका ओळीत मांडायची सीएसएसची सोय) 'गॅप' लिहून दिली होती, जशी आज सगळेच देतात.

एक गृहस्थ तालुक्याच्या गावाहून मुलीचा फॉर्म भरत होते. हातात दुसऱ्याकडून घेतलेला आयफोन ६. तो फोन आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि तिथल्या सफारीला फ्लेक्समधला गॅप कळत नाही. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटली. त्यांनी पाठवायला म्हणून दाबलं आणि तीन पानांची माहिती पुसली गेली. पुन्हा भरली, पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेत फोन केला तेव्हा मुदत संपायला एक तास होता. अर्ज शेवटी हातानं लिहून घेतला, मुलीला प्रवेश मिळाला. पण त्या संध्याकाळी फोनवर ते मला म्हणाले, "माझंच बोट जाड असंल, साहेब." ते ऐकून मला फार ओशाळल्यासारखं झालं. चूक त्यांच्या बोटाची नव्हती.

पुसायचं बटण पाठवायच्या बटणाशेजारी ठेवणं हा माझाच गाढवपणा, तो मी पदरात घेतो. पण गॅपच्या बाबतीत मी गाफील नव्हतो, हे मला तुम्हाला सांगायचंय. मी तुमच्याच शिकवणीप्रमाणे '@सपोर्ट्स' (ब्राउझरला अमुक येतं का ते विचारणारा नियम) लावून विचारलं होतं: गॅप येतो का? येत नसेल तर मार्जिन वापर. आणि त्या जुन्या सफारीनं छातीठोकपणे सांगितलं, येतो! ती खोटंही बोलत नव्हती. तिला ग्रिडमधला, म्हणजे चौकटींच्या मांडणीतला, गॅप येत होता. फ्लेक्समधला येत नव्हता. प्रॉपर्टीचं, म्हणजे गुणधर्माचं, नाव एकच, आणि '@सपोर्ट्स'ला एवढंच कळतं की ही ओळ वाचता येते की नाही. वाचल्यावर तिचं काय होतं, ते तो पाहत नाही. फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्समध्ये २०१८ साली आला, क्रोममध्ये २०२० साली, सफारीत १४.१ आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये. मधली सगळी वर्षं तुमची भाषा हा साधा प्रश्न नीट विचारू शकत नव्हती.

मग लोकांनी काय केलं? सफारी १४.१ मध्ये गॅपबरोबरच 'इन्सेट' नावाची दुसरीच प्रॉपर्टी आली, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही इन्सेट ज्याला येतो त्याला गॅप येतोच. तेव्हा गॅप येतो का हे कळायला इन्सेट विचारायचा. घरात माणसं आहेत का हे कळायला दाराबाहेरच्या चपला मोजाव्यात, तसं. मीही शेवटी तेच केलं. हा ब्राउझरची आवृत्ती ओळखण्याचाच प्रकार आहे, फक्त चोरून. माझी पहिली तक्रार ही: तुम्ही आम्हाला आवृत्ती विचारू नका म्हणता, पण जे विचारायला सांगता त्याचं उत्तर अर्धवट येतं, आणि मग आम्ही आवृत्तीच विचारतो, वाकडी वाट करून.

हा एकच नमुना नाही. 'पोझिशन: स्टिकी' (पान सरकलं तरी भाग जागेवर चिकटून राहणं) क्रोमला कित्येक वर्षं येत होतं, पण तक्त्याच्या थेडला, म्हणजे शीर्षकाच्या ओळीला, लावलं तर ते चिकटायचं नाही. २०२१ मध्ये क्रोम ९१ आला तेव्हा ते सुधारलं. तोवर '@सपोर्ट्स' मात्र हो म्हणत राहिला. पतसंस्थेच्या खातेउताऱ्यात वरची ओळ जागेवर राहावी एवढीच मॅनेजरांची इच्छा होती, ती पुरी करायला मी प्रत्येक रकान्याच्या शीर्षकाला वेगळं चिकटवत बसलो.

आता मराठीकडे येतो, कारण आमचं दुखणं तुमच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. दिवाळी अंकात अरुंद स्तंभ असतात आणि दोन्ही कडा सरळ हव्या असतात. मराठीत लांब सामासिक शब्द भरपूर. शब्द ओळीअखेर तोडला नाही तर मधल्या जागा दात पडल्यासारख्या दिसतात. त्यासाठी 'हायफन्स: ऑटो' आहे. '@सपोर्ट्स'ला विचारा, हो म्हणेल. पण त्या ब्राउझरकडे मराठी शब्द कुठे तोडायचे याचे नियम आहेत का, हे विचारायची सोय नाही. तुमच्या मानकाप्रमाणे ज्या भाषेचे असे नियम जवळ असतील त्याच भाषेत तोडायचं बंधन ब्राउझरवर आहे, ते रास्तही आहे. पण मग 'मराठीत येतं का?' हा प्रश्न मी कुणाला विचारू?

तीच गत 'पहिल्या अक्षरा'ची. कथा 'क्षणभर' या शब्दानं सुरू होते, आणि पहिलं अक्षर तीन ओळींएवढं मोठं करायचं आहे. आमचं पहिलं अक्षर 'क्ष'. हे पहिलीतल्या पोराला कळतं. पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्या संगणकात मांडायचं मानक) सर्वसाधारण नियमात २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत तिथं दोन तुकडे पडत होते, 'क्' आणि 'ष'. त्यामुळे ब्राउझर आपापल्या समजुतीनं वागत आले. एका संपादिकाबाई मला म्हणाल्या, "अहो, तुमच्या साइटवर लेखकाचा क् लंगडा झालाय." त्यांना मी काय सांगणार? 'पहिलं अक्षर निवड' म्हणणारा सिलेक्टर सगळ्यांनाच येतो. तो अर्धवट येतो, हे फक्त आवृत्तीवरून कळतं. शेवटी मी ते अक्षरच स्पॅन नावाच्या वेगळ्या खुणेत घातलं, कथेगणिक, हातानं. एका अंकात बावीस कथा होत्या.

दुसरी तक्रार जुन्या ठिगळांबद्दल, म्हणजे एखाद्या ब्राउझरच्या चुका झाकायला आडवाटेनं लिहिलेल्या ओळींबद्दल आहे, आणि माझ्या मते तीच मोठी. तुम्ही दार ठेवलं नाहीत म्हणून कुणी यायचं थांबलं नाही. खिडकीतून आले, कौलं काढून आले. इंटरनेट एक्सप्लोरर ५ रुंदी चुकीची मोजायचा. ३०० पिक्सेलच्या डब्याला दोन्ही बाजूंनी २० पिक्सेलचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं तर मानकाप्रमाणे ३४० व्हायला हवेत, तो सगळं ३०० मध्येच कोंबायचा. त्यावर वेबतज्ज्ञ टान्टेक चेलिक यांनी काढलेला उतारा आठवतो? पान वाचून दाखवणाऱ्या आवाजासाठी असलेली 'व्हॉइस-फॅमिली' ही प्रॉपर्टी घ्यायची, तिच्यात अवतरणचिन्हांचा असा गुंता करायचा की तो ब्राउझर गोंधळून तिथंच नियम संपवेल, आणि खरी रुंदी त्याच्या पुढे लिहायची. रुंदी दुरुस्त करायला आवाज! मी नवशिका असताना महिनाभर समजत होतो की पानाला काही ऐकू येतं.

मग एक्सप्लोरर ६ साठी एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या सगळ्यांत बाहेरच्या घटकाच्या, डोक्यावर तारा (*). एचटीएमएलच्या वर काहीच नसतं, पण त्या बिचाऱ्याला वाटायचं की आहे. अंडरस्कोर लावलेल्या प्रॉपर्ट्या होत्या, शेवटी उलटी रेघ आणि ९ होता. २००६ मध्ये एक्सप्लोरर ७ आला, त्यानं ताऱ्याच्या आणि अंडरस्कोरच्या वाचनातल्या फटी बुजवल्या, पण मांडणीतले सगळे बग बुजवले नाहीत. ज्यांनी फटींवर भिस्त ठेवली होती त्यांची पानं मोडली. मायक्रोसॉफ्टनं आधीच हॅक, म्हणजे ही ठिगळं, काढून टाका म्हणून सांगितलं होतं. पण कोणती ओळ हॅक आणि कोणती खरी, हे लिहिणाऱ्यालाच आठवत नव्हतं.

सगळ्यांत सरळ दार, म्हटलं तर, त्याच बदनाम ब्राउझरनं दिलं होतं: कंडिशनल कॉमेंट. '७ पेक्षा जुना एक्सप्लोरर असेल तर ही फाइल घे.' बाकी ब्राउझरांना ती नुसती टिप्पणी दिसायची. ती फाइल वेगळी, तिच्यावर नाव ठसठशीत, आणि गिऱ्हाइकाकडचा शेवटचा एक्सप्लोरर ६ भंगारात गेला त्या दिवशी मी ती फाइल एका बटणात उडवली. माझ्या आयुष्यात स्वच्छ निघालेलं तेवढं एकच ठिगळ. एक्सप्लोरर १० पासून ती सोयही गेली.

आणि आजचं काय? आयफोनला गाठायचं तर 'वेबकिट-टच-कॉलआउट' येतो का विचारायचं. स्पर्शाचा आणि आपल्या कामाचा काडीचा संबंध नसतो. वेबकिट हे सफारीचं इंजिन, म्हणजे पान मांडणारा आतला भाग. ते ओळखायला पिक्सेलच्या घनतेची एक मीडिया क्वेरी (पडद्याबद्दलची अट) होती. पुढे फायरफॉक्सही ती पाळू लागला आणि ते ठिगळ भलत्याच कपड्याला बसलं. फायरफॉक्ससाठी 'मोझ-डॉक्युमेंट' या ठरावीक पत्त्याच्या पानांपुरत्या नियमात पत्त्याची अट (यूआरएल-प्रीफिक्स) रिकामी लिहायची. ही सोय फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०१८ मध्ये पानांसाठी बंद केली. पण रिकामी अट तेवढी चालू ठेवावी लागली, कारण फायरफॉक्स ओळखायला असंख्य साइट्स तीच वापरत होत्या. म्हणजे दार आहेच. त्याला फक्त चौकट नाही आणि वर पाटी नाही. प्रॉपर्टीच्या नावाआधी लागणारे वेबकिटचे उपसर्गही तसेच: ऑपेरानं २०१२ मध्ये ते पाळायला घेतले, फायरफॉक्सनं २०१६ मध्ये. आज मजकूर तीन ओळींवर कापायचा तर फायरफॉक्सलाही वेबकिटचं नाव घेऊनच सांगावं लागतं.

माझ्याकडे नऊ-दहा वर्षं जुन्या स्टाइलशीट येतात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या. त्यात असे शंभरएक तुकडे असतात. कुणासाठी, कुठल्या बगसाठी, तो बग जिवंत आहे की मेला, काही कळत नाही. भीतीनं कुणी काढत नाही. त्या ओळी मग नव्या साइटमध्येही जशाच्या तशा जातात, आणि ग्रामीण भागात डेटा मोजून वापरणारा माणूस त्या मेलेल्या ब्राउझरांचा भार स्वतःच्या पैशानं उतरवून घेतो.

तुमची भीती मला ठाऊक आहे, आणि ती खरी आहे. युजर एजंटचा, म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीचा, इतिहास कुणी विसरू नये. एक्सप्लोररला नेटस्केप या जुन्या ब्राउझरसारखी पानं मिळावीत म्हणून त्यानं 'मोझिला' नाव लावलं. आज क्रोम स्वतःची ओळख सांगताना मोझिला, अ‍ॅपल-वेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी एवढ्या सगळ्यांची नावं घेतो. ऑपेरा १० आला तेव्हा साइट्स पहिलाच आकडा वाचत आणि त्याला १ समजत, म्हणून तो स्वतःला ९.८० म्हणवून घेत राहिला. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला आले तेव्हाही तीन आकड्यांनी साइट्स मोडतील का याच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. विवाल्डी या ब्राउझरनं २०१९ च्या शेवटी स्वतःचं नाव सांगणंच जवळपास सोडलं, कारण नाव ऐकून लोक दार लावून घेत. स्टाइलशीटमध्ये ब्राउझरचं नाव आलं की तिथंही हेच होईल, असं तुम्ही म्हणता. होऊ शकतं.

पण नीट पाहिलं तर या सगळ्या गोष्टींत दुखणं एकच दिसतं. लोकांनी 'अमुकपासून पुढे' किंवा 'फक्त अमुक' असं लिहिलं, आणि जो नवा आला तो बाहेर राहिला. 'अमुकपर्यंत' एवढंच लिहिता आलं असतं तर? कंडिशनल कॉमेंट बहुतेक वेळा 'पेक्षा जुना' अशाच लिहिल्या जात, म्हणून तर त्या निमूटपणे मेल्या. तेव्हा माझी सूचना अशी: नियमाचं नाव समजा '@इंजिन'. त्यात इंजिनाचं नाव आणि आवृत्तीची वरची मर्यादा, बस. 'वेबकिट, १४.० पर्यंत.' 'पासून' हा शब्द व्याकरणातच नको. 'नसेल तर' नको. मर्यादेशिवाय नुसतं नाव लिहिलं तर नियम रद्द. अनोळखी इंजिननं ते सोडून पुढे जावं. असं असेल तर कुणाचं नाव घेऊन कुणाला काही फायदा मिळत नाही, मग खोटं बोलायचं कारणच काय? नव्या ब्राउझरला या नियमात काही मिळतच नाही, फक्त जुन्याची मलमपट्टी मिळते.

इंजिन म्हणतोय, ब्राउझर नव्हे, हेही मुद्दाम. आयफोनवरचा क्रोम आतून वेबकिटच असतो. युरोपीय संघात २०२४ पासून दुसऱ्या इंजिनांना वाट मिळाली, इतरत्र बहुतेक ठिकाणी तेच चालू आहे. त्या फॉर्मवाल्या गृहस्थांनी क्रोम उघडला असता तरी बटणं चिकटलीच असती.

आकडाही खरा हवा. आज सफारी आपलं वेबकिट ६०५.१.१५ सांगते, वर्षानुवर्षं तेच. क्रोम ५३७.३६ सांगतो, जे इंजिन त्यानं २०१३ मध्येच सोडलं. देवळातल्या घड्याळासारखे बंद पडलेले आकडे.

कुणीतरी '९९९९ पर्यंत' लिहीलच. लिहू दे. तो आजही चपला मोजतोच आहे. निदान त्याची लबाडी शोधायला एक शब्द पुरेल. खासगीपणाचा मुद्दा निघेल, तर आवृत्ती युजर एजंटमध्ये आजही जातेच.

आणि एक गोष्ट माझ्या विरोधातली, तीही सांगून टाकतो. तुम्ही उद्या ही सोय दिलीत तरी तो आयफोन ६ तिला ओळखणार नाही. ज्या आवृत्तीला नियमच कळत नाही तिला नियमानं गाठता येत नाही. म्हणजे मी मागतोय ते माझ्या उपयोगाचं होईपर्यंत आज हाताखाली शिकणारी मुलं माझ्या वयाची होत आलेली असतील. म्हणूनच दरवर्षी 'नको' म्हणण्याची किंमत मोठी आहे. ही मागणी पहिल्यांदा आली तेव्हा मान्य झाली असती, तर २०२२ मध्ये मला ती हाताशी असती.

तिसरी तक्रार थोडक्यात आणि जरा जपून. तुमच्या गटात अ‍ॅपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट यांची माणसं बसतात, निमंत्रित तज्ज्ञही असतात. बग ज्यांच्या घरात जन्मतात त्यांच्याच हाती त्या बगवरच्या औषधाचा निर्णय आहे. तुमच्या हेतूवर माझा संशय नाही. २०२१ पासून ब्राउझर कंपन्यांनी एकत्र बसून फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, स्टिकी यांतले फरक मिटवायला घेतले, त्याचं सुख मी रोज भोगतो. तुमच्या चर्चांची टिपणंही सगळ्यांना वाचायला उघडी असतात, आमच्याकडच्या कित्येक समित्यांना ते जमत नाही. पण नवे ब्राउझर एकसारखे झाले म्हणून जुने फोन सुधारत नाहीत. आमच्याकडे फोन थोरल्याकडून धाकट्याकडे जातो, मग गावी आजीकडे.

माझ्या मागण्या अशा:

'@सपोर्ट्स'मध्ये संदर्भासकट प्रश्न विचारता यावा. फ्लेक्समध्ये गॅप, थेडला स्टिकी. मसुद्यांत या दिशेची चर्चा चालते, ती ब्राउझरांपर्यंत पोहोचावी. फाँटच्या तंत्राबद्दल विचारायचं कलम तुम्ही आणलंत, म्हणजे निव्वळ वाचता येण्यापलीकडचं विचारता येतं हे तुम्हीच मान्य केलंत.

भाषेसकट प्रश्न विचारता यावा. हायफन येतो का, मराठीत.

वर मांडलेला, फक्त 'पर्यंत' म्हणणारा इंजिनाचा नियम एकदा तरी नव्यानं चर्चेला घ्या. नाकारायचा असेल तर जरूर नाकारा, पण 'ब्राउझर विचारू नका' या एका वाक्यावर नको. वरची मर्यादा घालूनही काय बिघडतं, ते लिहून सांगा. पटलं तर मी हे पत्र मागे घेतो.

आणि तोवर, आम्ही जे चोरून करतो त्याची एक यादी तुम्हीच ठेवा. कुठलं ठिगळ कुठल्या इंजिनाच्या कुठल्या आवृत्तीला लागतं, आणि कधी काढायला हरकत नाही.

त्या वसतिगृहाच्या फॉर्ममधलं पुसायचं बटण मी काढून टाकलं. इन्सेटची अट मात्र स्टाइलशीटमध्ये अजून आहे. खाली इन्सेट कुठेच वापरलेला नाही. गेल्या वर्षी एका नव्या मुलीनं ती ओळ निरुपयोगी म्हणून काढली, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मी ती परत घातली आणि शेजारी टीप लिहिली: 'हे इन्सेटसाठी नाही. विचारल्याशिवाय काढू नये.'

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सांगलीतला एक वेबसाइटवाला